स्वातंत्र्यलढा, समाजसुधारणा आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या स्त्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचा प्रकल्प, ८ मार्चचं किंवा ३ जानेवारीचं भाषण, घरातल्या एखाद्या पणजीचा शोध अशा निमित्तांनी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तो क्रमांक दिला आहे. इंग्रजांविरुद्धचा लढा एका पानावर आणि घरातल्या, जातीतल्या, गावातल्या सत्तेविरुद्धचा लढा दुसऱ्या पानावर अशी विभागणी मुद्दामच केलेली नाही. या स्त्रियांच्या आयुष्यात ती नव्हती.

१. बायकांना स्वातंत्र्यलढ्यात गांधीजींनी आणलं असं वाचलं. त्याआधी कुणीच नव्हतं का?

होत्या. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा दहा स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या आणि त्यांत पंडिता रमाबाई होत्या. १९०७ मध्ये भिकाजी कामांनी परदेशात झेंडा फडकवला (प्रश्न २). रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथून परिचारिका आणि शिक्षिका तयार होऊन बाहेर पडू लागल्या.

गांधीजींमुळे संख्या वाढली आणि वेगवेगळ्या थरांतल्या बायका आल्या, हे खरंच. पण अवंतिकाबाई गोखल्यांचं उदाहरण पाहा. १९१७ मध्ये त्या पती बबनराव यांच्यासोबत चंपारणला गेल्या आणि तिथल्या खेड्यात शाळा चालवली. १९१८ मध्ये त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज काढला आणि त्याच वर्षी गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं. गांधीजींनी हाक दिली तेव्हा ओ द्यायला अशी शिकलेली, सभेत उभं राहून बोलू शकणारी बाई तयार होती. तिला तयार करायला १८४८ पासूनची (प्रश्न ४) सत्तर वर्षं लागली होती, आणि ते काम करणाऱ्यांना गावकऱ्यांनी आणि सोयऱ्यांनी वाळीत टाकलं होतं.

२. मादाम कामांनी फडकवलेला झेंडा आज कुठे आहे?

पुण्यात, केसरीवाड्यात. ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. तिथे त्यांनी तो उलगडला. पुढे इंदुलाल याज्ञिकांनी तो हिंदुस्थानात आणला. भिकाजी कामा मुंबईच्या पारशी कुटुंबातल्या. १८९६ च्या प्लेगमध्ये त्या मुंबईत रुग्णांची सेवा करत होत्या आणि त्यांना स्वतःलाही लागण झाली. अनेक वर्षं परदेशात काढून त्या अखेरीस मुंबईत परतल्या आणि १९३६ मध्ये वारल्या.

३. पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि रमाबाई आंबेडकर यांत फरक काय?

तिघी वेगळ्या. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक. रमाबाई रानडे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, सेवासदनच्या आधारस्तंभ, निधन १९२४. रमाबाई आंबेडकर डॉ. बाबासाहेबांच्या पत्नी, निधन २७ मे १९३५. पहिल्या दोघी एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा रमाबाई रानडे त्यात होत्या आणि त्यापायी त्यांनी घरातल्या बायकांची बोलणी खाल्ली.

४. सावित्रीबाईंची शाळा ही देशातली मुलींची पहिली शाळा होती का?

भाषणात हे वाक्य सरसकट येतं. ते थोडं नेमकं करावं लागेल. मुंबईत अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा १८२० च्या दशकापासून होत्या. नगरला सिंथिया फरार शिकवत होत्या आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण त्यांच्याकडेही घेतलं. बंगालमध्ये बारासातला १८४७ मध्ये शाळा निघाली होती.

१८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जे घडलं त्याचं मोठेपण यानं कमी होत नाही. एका माळी जोडप्यानं, मिशन किंवा सरकारच्या आसऱ्याशिवाय, पेशव्यांच्या शहरात मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि शिकवणारी स्वतः एक बाई होती. थोड्याच काळात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही त्यांच्या शाळा निघाल्या. भाषणात ‘भारतीयांनी चालवलेल्या मुलींच्या पहिल्या शाळांपैकी एक’ असं म्हणा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

५. फातिमा शेख खरंच होत्या का? हल्ली लोक त्या काल्पनिक असल्याचं म्हणतात.

होत्या, सावित्रीबाईंच्या सहकारी शिक्षिका. सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र आहे. त्या वेळी त्या आजारपणामुळे माहेरी होत्या. आपण नसल्यामुळे फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा उल्लेख त्यात आहे. सोबतीणीवर शाळेचा भार टाकून आलेल्या बाईची ती ओळ आहे. त्यांची जन्मतारीख म्हणून जी फिरते तिला मात्र समकालीन कागदाचा आधार नाही. तेव्हा त्यांच्या कामाबद्दल जरूर लिहा, तारखेचा हट्ट सोडा.

६. विधवांचं केशवपन बंद व्हावं म्हणून न्हाव्यांचा संप सावित्रीबाईंनी घडवला ना?

ज्याची नीट नोंद आहे ती मुंबईतली न्हाव्यांची सभा १८९० ची. पुढाकार सत्यशोधक कार्यकर्ते आणि गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा. विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं न्हावी समाजाच्या लोकांनी तिथे ठरवलं. फुले दांपत्याच्या सत्यशोधक चळवळीचं हे फळ आहे, म्हणून सावित्रीबाईंचं नाव जोडलं जाणं समजण्यासारखं आहे. पण श्रेय लोखंड्यांना आणि त्या अनाम कारागिरांना द्या. एका जातीनं आपलं उत्पन्न बुडवून दुसऱ्या जातीतल्या बायकांची बाजू घेतली, ही गोष्ट कुणाच्याही चरित्रात विरघळून जाऊ नये इतकी मोठी आहे.

७. फुले दांपत्य इंग्रजांचं कौतुक करत होतं. मग त्यांना स्वातंत्र्याच्या इतिहासात का घ्यायचं?

कौतुक केलं, हे नाकारू नये. सावित्रीबाईंच्या कवितेत इंग्रजीला माउली म्हटलं आहे. पेशवाईत ज्यांना पाटी-पेन्सिल हाती धरता आली नाही त्यांना शाळा उघडी झाली, तर त्यांना काय वाटलं असेल, हे आपण आपल्या सोयीच्या ठिकाणी बसून ठरवू नये.

पण पुढचंही वाचा. जोतीरावांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात सरकारला सुनावलं की पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षण वरच्यांना. ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषआरामावर आणि सारावसुलीवर कोरडे आहेत. सावित्रीबाईंनी १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं (अग्नीचं मडकं) स्वतः धरलं आणि १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. स्वराज्य आलं तर त्यात शूद्र, अतिशूद्र आणि स्त्री कुठे असेल, हा प्रश्न काँग्रेस जन्मण्याआधीच या दोघांनी विचारून ठेवला होता. तो विचारणाऱ्यांना बाहेर ठेवून स्वातंत्र्याचा इतिहास लिहिणं मला अपुरं वाटतं.

८. त्या काळच्या बायकांनी स्वतः लिहिलेलं काही वाचायला मिळेल का?

भरपूर. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजाची विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपास होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ ची. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं, त्याला ते उत्तर आहे. भाषा इतकी धारदार की स्वकीयांनीही झोडपलं. जोतीराव मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या. सुरुवात एकाच पुस्तकाने करायची असेल तर ताराबाईंपासून करा.

९. रखमाबाई खटला नेमका काय होता? त्यांना तुरुंगवास झाला का?

तुरुंगवास झाला नाही. पण त्या जायला तयार होत्या, आणि सगळा देश हादरला तो त्यामुळे.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन सुधारक विचारांचे होते आणि घरात पुस्तकं होती. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायको नांदायला यावी. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला तो रखमाबाईंच्या बाजूने : लहानपणी, संमतीशिवाय झालेल्या लग्नाच्या आधारे, कधीच एकत्र न राहिलेल्या बाईला पुरुषाच्या घरी जबरदस्तीने पाठवणं रानटीपणाचं होईल. सनातनी वर्तुळात खळबळ उडाली. अपील झालं, खटला पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करेन असं कळवलं.

त्या गप्प बसलेल्या नव्हत्या. १८८५ पासून ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने टाइम्स ऑफ इंडियामध्ये त्यांची पत्रं येत होती, बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर. १८८८ मध्ये तडजोड झाली : दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी आयुष्य घालवलं. १९५५ मध्ये त्या वारल्या, म्हणजे स्वतंत्र भारतही त्यांनी पाहिला.

एक गोष्ट इथे नीट पाहण्यासारखी आहे. नांदायला पाठवण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आलेला. म्हणजे नवऱ्याच्या हातातलं हत्यार सरकारनेच पुरवलं होतं आणि त्याच्या बाजूने उभे राहिले ते इथले धर्माभिमानी. परकी सत्ता आणि घरची सत्ता एकमेकींच्या हातात हात घालून कशा चालतात, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

१०. टिळकांनी स्त्रीसुधारणेला विरोध केला म्हणतात. मग अवंतिकाबाई गोखल्यांच्या गांधीचरित्राला (प्रश्न १) त्यांची प्रस्तावना कशी?

दोन्ही खरं आहे. ‘केसरी’ने रखमाबाईंवर टीका केली, पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेच्या शिक्षणक्रमावर टीका केली, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला. या कायद्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घालू नये. सुधारणा आपण होऊन करावी. मुलीचं लग्न सोळाच्या आधी नको असा ठराव त्यांनीही मांडला होता, पण सही करणाऱ्यांपुरता. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सुधारकांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मंडपात जागा मिळू दिली गेली नाही.

१९१८ पर्यंत काळ बदलला होता आणि राजकीय काम करणाऱ्या बाईला टिळकांचा आशीर्वाद मिळत होता. पण ‘आधी स्वराज्य, मग सुधारणा’ या क्रमाची किंमत दहा-अकरा वर्षांच्या मुलींनी मोजली. टिळकांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हे लिहायला हवं.

११. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि परदेशी पैशावर संस्था चालवली. त्या इंग्रजधार्जिण्या होत्या का?

नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मगुरूंशीही त्या वाद घालत राहिल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये ज्या विधवेशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई याच सदनातल्या. सदनातल्या मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे होतोय म्हटल्यावर पुण्यात गदारोळ झाला आणि पाठीराखे दूर झाले.

आणि मग १८९७ चा प्लेग आला. सरकारी प्लेग-इस्पितळात आणि छावणीत बायकांना कसं वागवलं जातं, यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारला उघडं पाडलं. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं आणि मुंबईच्या गव्हर्नरला खुलासा करावा लागला. धर्म राज्यकर्त्यांचा असला तरी त्यांची जीभ राज्यकर्त्यांची नव्हती. पाठ्यपुस्तकात त्या अजूनही दोन ओळींत आटोपतात, याचं मला मनापासून दुःख आहे.

१२. दांडीयात्रेत बायका का नव्हत्या?

साबरमतीहून १२ मार्च १९३० ला निघालेल्या तुकडीत गांधीजींनी स्त्रियांना घेतलं नव्हतं. स्त्रियांनी दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन (पिकेटिंग) करावं, असं त्यांचं मत. सगळ्यांना ते पटलं नाही. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्यांच्याकडे आग्रह धरला. ६ एप्रिलला मुंबईत चौपाटीवर कायदा मोडणाऱ्या पहिल्या तुकडीत कमलादेवी आणि अवंतिकाबाई गोखले होत्या. बायका घागरी, कळशा घेऊन समुद्रावर आल्या, चुली पेटल्या, मीठ शिजलं. मे महिन्यात धारासण्याच्या सत्याग्रहाचं नेतृत्व सरोजिनी नायडूंनी केलं.

१३. देशसेविका काय करायच्या? दुकानासमोर नुसतं उभं राहणं म्हणजे लढा कसा?

मुंबईची देशसेविका संघटना १९३० च्या चळवळीचा कणा होती. हंसाबेन मेहता, दादाभाई नौरोजींच्या नाती पेरीन आणि गोशीबेन कॅप्टन, लीलावती मुन्शी अशा स्त्रिया नेतृत्वात होत्या आणि केशरी साडी हा गणवेश होता. मुळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारात त्या दिवसभर उभ्या राहत आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवत. मोठ्या व्यापाऱ्यांनी परदेशी माल सीलबंद ठेवायला सुरुवात केली ती याच दबावामुळे.

‘नुसतं उभं राहणं’ म्हणणाऱ्यांनी एवढंच आठवावं : त्याच वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर बाबू गेनू चिरडला गेला. बाजारात उभं राहणाऱ्या प्रत्येकीसमोर लाठी आणि अटक होती. पुरुष नेते पकडले गेले की चळवळ चालवणाऱ्या युद्धमंडळाची सूत्रं बाईकडे येत आणि तिला पकडलं की दुसरीकडे. उणीवही सांगायला हवी. ‘चांगल्या घरच्या’ बायकाच पुढे असाव्यात याची काळजी फार होती, आणि गिरणगावातल्या कष्टकरी बायका या छायाचित्रांत क्वचितच दिसतात.

१४. १९४२ मध्ये उषा मेहतांनी काय केलं?

९ ऑगस्टला गवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी झेंडा उभारला. मोठे नेते सगळे आत होते. कस्तुरबांनाही शिवाजी पार्कच्या सभेला जाण्याआधीच अटक झाली. वर्तमानपत्रांवर बंदोबस्त होता. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला : ४२.३४ मीटरवर, ‘भारतात कुठून तरी’. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत, म्हणून यंत्र सतत जागा बदलत असे. चितगावचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूरच्या (प्रश्न १५) बातम्या या रेडिओने दिल्या. १२ नोव्हेंबरला त्यांना पकडलं. चौकशीत त्या काहीच बोलल्या नाहीत. चार वर्षांची शिक्षा झाली, १९४६ मध्ये सुटल्या.

१५. हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं. खेड्यातल्या बायका कुठे आहेत?

साताऱ्याच्या प्रतिसरकारात पाहा (१९४३–४६, आजचा सांगली जिल्हा त्यात येतो). भूमिगतांना भाकरी कोण पोचवायचं, निरोप कोण न्यायचं, घरात कोण लपवायचं? क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी हौसाताई यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग आहे. भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर त्यांनी आणि एका साथीदाराने नवरा-बायकोच्या भांडणाचा बनाव केला. त्यात त्यांनी खरोखरचा मार खाल्ला आणि पोलिस सोडवायला बाहेर आल्यावर बाकीच्यांनी हत्यारं लांबवली. गोव्यात मांडवी नदी रात्री लाकडी पेटीवर पडून पार केल्याचंही त्या सांगत. २०२१ मध्ये त्या गेल्या. खानदेशातल्या लीलाताई पाटील आणि उत्तमराव पाटील हे जोडपंही याच भूमिगत फळीतलं.

प्रतिसरकारने हुंडा आणि बडेजाव नसलेली ‘गांधी लग्नं’ लावली आणि बायकोला छळणाऱ्यांचे निवाडे केले. इंग्रजांची सत्ता झुगारताना गावातल्या बाईचं गाऱ्हाणं ऐकणारी ती न्यायव्यवस्था होती.

विदर्भातल्या चिमूरची गोष्ट वेगळी आणि जड आहे. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर लष्कर आणि पोलिसांनी तिथल्या बायकांवर अत्याचार केले. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. लोकलाजेच्या त्या काळात चिमूरच्या बायकांनी तोंड उघडून जे सांगितलं, त्याला मी लढाच म्हणते.

१६. दलित स्त्रियांचा लढा इंग्रजांविरुद्ध नव्हता, मग तो या यादीत कसा?

तारखा शेजारी ठेवून पाहा. दांडीयात्रा निघण्याच्या दहा दिवस आधी, २ मार्च १९३० ला, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ‘चले जाव’च्या तीन आठवडे आधी, २० जुलै १९४२ ला, नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या महिलांची परिषद झाली आणि वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. त्यांनी काय मागितलं? काडीमोडाचा हक्क, एकाहून जास्त बायका करण्यावर बंदी, कामगार स्त्रियांना रजा आणि गिरण्यांत स्त्री-निरीक्षक. काँग्रेसच्या व्यासपीठावर तेव्हा यातलं किती ऐकू येत होतं, हे ज्याने त्याने तपासावं.

डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. गुडघ्याच्या वर लुगडं नेसण्याची सक्तीची खूण त्या बायकांनी दुसऱ्या दिवशी टाकली आणि पायघोळ लुगडी नेसून आल्या. ज्यांनी आयुष्यभर ती खूण अंगावर वागवली त्यांच्यासाठी गुलामगिरीचा मालक लंडनला नव्हता, गावात होता. पुढच्या पिढीतल्या शांताबाई दाणी यांनी १९४६ च्या सत्याग्रहात तुरुंगही भोगला.

१७. वारल्यांच्या उठावात गोदावरी परुळेकरांचं काम काय?

पुण्याच्या गोखले घराण्यातल्या, कायद्याच्या पदवीधर गोदावरीबाई पती शामराव यांच्यासोबत किसान सभेच्या कामाला ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांत गेल्या. तिथे वेठबिगार होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघंही सावकाराचे ‘लग्नगडी’ होत आणि मालकाचा हक्क बाईच्या शरीरापर्यंत पोचत असे. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच जण मारले गेले. पण वेठ पुन्हा आली नाही. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१८. गोव्याच्या मुक्तीलढ्यात कोणत्या स्त्रिया होत्या?

या प्रश्नाला मराठी वाचकांनी जास्त जागा द्यायला हवी, कारण १९४७ नंतरही हा लढा चौदा वर्षं चालला. सुधाताई जोशी, म्हणजे भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक पं. महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी, ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि पकडल्या गेल्या. पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा दिली. मित्रा बीर यांनाही बारा वर्षांची शिक्षा झाली, वयाच्या बाविसाव्या वर्षी.

लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी नोव्हेंबर १९५५ पासून आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानातून गुप्त रेडिओ चालवला, पोर्तुगीज आणि कोकणीतून. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्याची घोषणा त्यांनी विमानातून केली. २०२५ मध्ये लिबियाताईंना पद्मश्री मिळाली.

१९. मराठवाड्याचा लढा निजामाविरुद्ध होता. तो यात धरायचा का?

धरायचा. निजामाची गादी इंग्रजांच्या छत्राखालीच टिकली होती, आणि १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीआधीच्या वर्षभरात रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, मार झेलणाऱ्यांना हा प्रश्न पडला नव्हता. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हत्यार घेऊन त्यांच्याशी लढल्या.

२०. बायकांना मतदानाचा हक्क कधी मिळाला?

मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये, मद्रासच्या पाठोपाठ. पण मालमत्तेची अट होती आणि मालमत्ता बायकांच्या नावावर नव्हतीच. १९३५ च्या कायद्याने आकडा वाढला, कारण पतीच्या पात्रतेवर किंवा साक्षरतेवर काही जणींना मत मिळालं. सगळ्यांना हक्क मिळाला तो राज्यघटनेने. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगून त्यांनी स्वतःचं नाव दिलं नव्हतं. ही घटना मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतली, पण प्रश्न २२ वाचताना ती लक्षात ठेवा.

२१. आमची पणजी चळवळीत होती असं घरात सांगतात, पण स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत तिचं नाव नाही. म्हणजे ती गोष्ट खोटी का?

मुळीच नाही. स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन योजना १९७२ मध्ये सुरू झाली. तिची मुख्य कसोटी तुरुंगवासाची आहे : किमान सहा महिने. स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट तीन महिन्यांची केली. ही सवलत रास्त आहे. तरीही निरोधनासाठी सकाळी पकडून संध्याकाळी गावाबाहेर सोडून दिलेली, दंड भरून सुटलेली, पंधरा दिवस कच्च्या कैदेत राहिलेली बाई त्यात बसत नाही. भूमिगतांना जेवू घालणारी तर कुठल्याच कागदावर नाही. वॉरंट निघालं तेही घरातल्या पुरुषाच्या नावाने. शिवाय अनेकींनी अर्जच केला नाही, किंवा एका घरातून एकच अर्ज गेला आणि तो आजोबांचा. तिचा सहभाग नोंदवायचा तो इतिहासासाठी. नातवंडांना निवृत्तिवेतन मिळत नाही.

२२. मग शोध कुठून सुरू करायचा? आणि नाव माहेरचं शोधायचं की सासरचं?

दोन्ही, आणि तिसरंही. गोदूबाईंच्या आनंदीबाई कर्वे झाल्या. गोदावरी गोखल्यांच्या गोदावरी परुळेकर झाल्या. चळवळीच्या ऐन मध्यात लग्न झालं असेल तर १९३० ची नोंद एका नावाने आणि १९४२ ची दुसऱ्या नावाने सापडते. काही ठिकाणी फक्त पतीच्या नावाआधी ‘सौ.’ एवढंच असतं. म्हणून आधी घरातून जन्मनाव, लग्नाचं नाव, हाक मारायचं नाव, माहेरचं गाव आणि लग्नाचं साल एवढं लिहून काढा.

मग राज्याच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने काढलेले स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश चाळा, पण पतीच्या आणि दिराच्या नोंदीसकट, कारण बाईचा उल्लेख बऱ्याचदा तिथे आत दडलेला असतो. त्यानंतर मुंबईचं पुराभिलेख संचालनालय आणि त्याच्या पुणे, कोल्हापूर, नागपूरच्या शाखा. तिथे गृहखात्याच्या आणि तुरुंगाच्या फायली आहेत. स्थानिक वृत्तपत्रांचे १९३०–३२ आणि १९४२ चे अंक गावच्या जुन्या वाचनालयात मिळू शकतात. गोव्यातली व्यक्ती असेल तर पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागद पाहावे लागतील. तिथे आडनावांची अक्षरं वेगळी लिहिलेली असतात, तेव्हा दोन-तीन प्रकारे शोधा.

आणि तिच्या पिढीतलं कुणी हयात असेल, अगदी शेजारचं, तर आधी तिकडे जा. कागद नंतरही मिळतील. मोबाइलवर आवाज मुद्रित करा, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख त्यात सुरुवातीलाच म्हणून ठेवा, आणि ‘तुम्ही काय केलंत’ असं विचारण्याऐवजी ‘त्या दिवशी घरी स्वयंपाक किती माणसांचा होता’, ‘पोलिस आले तेव्हा दार कुणी उघडलं’ असं विचारा. पहिल्या प्रश्नावर बहुतेक आज्या ‘मी कुठे काय केलं’ म्हणून थांबतात. दुसऱ्यावर त्या तासभर बोलतात.